'अचानक' म्हणजे पन्नास हजार वर्षं

फोंड्याला नववीच्या वर्गात उत्क्रांती शिकवताना हमखास प्रश्न येतो, "सर, गोव्यात जीवाश्म कुठे बघायला मिळतील?" उत्तर निराश करणारं. आपले बहुतेक खडक अब्जावधी वर्षांचे, प्राणी जन्मण्याआधीचे; चिऱ्यांच्या खाणीत शोधून काय मिळणार?

मग मी पुस्तकातल्या ट्रायलोबाइटकडे, म्हणजे समुद्रातल्या एका नामशेष कवचधारी प्राण्याकडे वळतो. जीवाश्मशास्त्रज्ञ नाइल्स एल्ड्रेज यांनी फॅकॉप्स नावाच्या ट्रायलोबाइटच्या डोळ्यांतल्या भिंगांच्या रांगा मोजल्या. लाखो वर्षांच्या थरांत अठराच्या अठरा, आणि मग पुढच्या थरात एकदम सतरा! मधले टप्पे नाहीत. बदल हळूहळूच होतो असं मानणारा डार्विन म्हणाला असता, जीवाश्मांची नोंदच अपुरी आहे. एल्ड्रेज आणि त्यांचे सहकारी स्टीफन जे गूल्ड यांनी १९७२ मध्ये उलट मांडलं: प्रजाती दीर्घकाळ जवळपास तशीच राहते, बदल होतो तो बहुधा कडेला, तुटून पडलेल्या छोट्या गटात, आणि झटपट.

झटपट म्हणजे रातोरात नव्हे हं. पाच ते पन्नास हजार वर्षं. खडकात तेवढा काळ कधीकधी बोटभर थरात मावतो. हा मुद्दा सुटला की लोक 'डार्विन खोटा ठरला' असं ठोकून देतात, ते मला अजिबात पटत नाही.

शिवाय हिंदी महासागराच्या तळातल्या गाळात ग्लोबोरोटॅलिया या सूक्ष्मजीवाची कवचं सुमारे सहा लाख वर्षांत हळूहळू बदलत गेलेली दिसतात (१९८३चा अभ्यास). तिथे उडी नाहीच. पण बदलाच्या आधी आणि नंतर मात्र तीच जुनी स्थिरता.