कोकणकड्यावर रात्री कॅमेरा लावायचा तर कुठला ट्रायपॉड?

दिवाळीची अमावास्या जवळ आली की रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणाऱ्यांना हरिश्चंद्रगडाचे वेध लागतात. पावसाळ्यानंतर हवा स्वच्छ झालेली असते, चंद्र नसतो आणि गडाचा कोकणकडा पश्चिमेकडे उघडा आहे. या दिवसांत सव्वासातच्या सुमारास पूर्ण अंधार होतो. तेव्हा आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग नैऋत्येला, क्षितिजाच्या थोडा वर असतो. मूळ नक्षत्र साडेआठच्या आसपास मावळतं. म्हणजे हातात जेमतेम तासभर. त्या तासात ट्रायपॉडशी झटापट करायला वेळ नसतो, म्हणून या वृत्तांतात गडापेक्षा ट्रायपॉडबद्दलच जास्त लिहितो आहे.

आम्ही पाचनईकडून चढलो. पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत पाचनई गाठता येतं. मुंबईहून येणाऱ्यांना घोटी-राजूर बरं पडतं. ही सगळ्यात सोपी वाट, सामान घेऊन दोन-अडीच तास धरा. डोक्यावर झुकलेल्या प्रचंड कातळाखालून आडवं गेलं की ओढ्याच्या कडेने थेट देवळाच्या पठारावर. खिरेश्वरहून तोलारखिंडीतून येणारी वाट लांब आहे आणि खिंडीच्या वर रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे. तिथे दोन्ही हात मोकळे हवेतच, त्यामुळे ट्रायपॉड हातात किंवा खांद्याला लटकवून त्या वाटेने जाऊ नका. गड अभयारण्याच्या हद्दीत येतो. मुक्कामाबद्दल काय चालतं, काय नाही हे पायथ्याशीच विचारून घ्या.

आता सॅकमधल्या वजनाचं. तीन लिटर पाणी, कॅमेरा, दोन लेन्स, स्वेटर, खाऊ हे धरलं की दहा किलोच्या पुढे जातंच. त्यावर अडीच किलोचा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड आला की अर्धे लोक तो गाडीतच ठेवून येतात. कार्बन फायबर घ्यायचं पहिलं कारण हेच, की तो बरोबर येतो. पण सगळं श्रेय कार्बनला देऊ नका. पीक डिझाइनने २०१९ मध्ये एकाच आराखड्याचा प्रवासी ट्रायपॉड दोन प्रकारांत, म्हणजे ॲल्युमिनियम आणि कार्बन असा आणला. ॲल्युमिनियमचं वजन साधारण १.५६ किलो, कार्बनचं १.३ किलोच्या आत. फरक पाव किलोच्या थोडा वर, आणि कार्बनची किंमत मात्र तेव्हा जवळपास पावणेदोनपट. वजन खरं उतरतं ते बारीक पाय, लहान हेड (कॅमेरा बसतो तो वरचा भाग) आणि कमी उंची यांमुळे. कार्बनचा दुसरा गुण माझ्या मते जास्त मोलाचा: धक्का बसल्यावर त्याची थरथर लवकर विरते. शिवाय पहाटेच्या थंडीत नळी हाताला चटका देत नाही.

आमच्या चमूत तीन प्रकारचे ट्रायपॉड होते: माझा चार टप्प्यांचा, म्हणजे एकेका पायात एकात एक सरकणाऱ्या चार नळ्या असलेला कार्बन, एका मित्राचा पाच टप्प्यांचा, घडी घातल्यावर वीतभर दिसणारा कार्बन, आणि एकाचा जुना ॲल्युमिनियमचा. अंधार पडायच्या आधीच आम्ही जागा धरली. बरोबर पाचनईचे एक दादा होते. ते म्हणाले, "अगदी काठाला लावू नका. वारं खालनं वर येतं, आणि येतं तेव्हा सांगून येत नाही." कोकणातून वर चढणारी हवा कड्यावर आपटून सरळ उसळते, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. आम्ही काठापासून बरेच आत, कातळावर बसूनच कॅमेरे लावले. फ्रेममध्ये कड्याची धार त्यामुळे उलट छान येते. काठावरून खाली बघायचं असेल तर पोटावर झोपूनच बघा, आणि दिवसाच.

तिथे आम्ही एक चाचणी केली, ती तुम्ही दुकानातही करू शकता. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र, सुरू करायचा, एका ताऱ्यावर दहापट मोठं करायचं आणि ट्रायपॉडच्या पायाला बोटाने टिचकी मारायची. माझ्या ट्रायपॉडवर तारा थरथरला आणि दोन सेकंदांत शांत झाला. पाच टप्प्यांच्या ट्रायपॉडवर पडद्यावरचा तारा नाचतच राहिला; एक लाट विरायच्या आत वाऱ्याची दुसरी यायची. ॲल्युमिनियमचा जुना, जाड नळ्यांचा ट्रायपॉड जवळपास माझ्याइतकाच स्थिर होता. दुकानात तारा नसतो, पण समोरच्या पाटीवरचं बारीक अक्षर चालतं.

कारण नळीच्या व्यासात आहे. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दीडपट केला तर नळीचा ताठपणा तिपटीहून जास्त वाढतो. दर टप्प्याला नळी साधारण तीन-चार मिलिमीटरने बारीक होते, म्हणून पाचवा टप्पा उदबत्तीसारखा होऊन बसतो. ट्रायपॉड बघताना सगळ्यात खालची नळी ओढून बाहेर काढा आणि तीच आधी बघा. करंगळीपेक्षा बारीक असेल तर कड्यावर नेण्यात अर्थ नाही. घडीची लांबी पाच-सहा सेंटिमीटरने वाढली तरी चालेल, पण चार टप्प्यांच्या वर जाऊ नका. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरची घडी साध्या ट्रेकिंग सॅकमध्ये उभी मावते.

खोक्यावर लिहिलेल्या भारक्षमतेवर मी विसंबत नाही. हा आकडा ठरवायची सगळ्या कंपन्यांची मिळून एक अशी पद्धत नाही. शिवाय किती वजनाला हेड घसरत नाही आणि किती वाऱ्यात कॅमेरा हलत नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कमाल उंचीच्या आकड्याचंही तसंच. त्यात मधला दांडा पूर्ण वर काढलेला धरतात. दांडा खाली ठेवून कॅमेरा छातीपर्यंत आला की पुरे. पडदा वळणारा असेल तर त्याहून कमीही चालतं. कड्यावर तर आम्ही सगळ्यात बारीक टप्पा उघडलाच नाही आणि पाय दुसऱ्या खाचेपर्यंत फाकवले.

वाऱ्यातल्या काही गोष्टी. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, तो शिडासारखा फडफडतो. लेन्सचं हूडही काढा. दांड्याखालच्या हुकला सॅक अडकवायची तर दोरीची लांबी अशी ठेवा की सॅकचं बूड जमिनीला टेकलेलं असेल. अधांतरी लटकलेली सॅक झुलते आणि ट्रायपॉडला सोबत झुलवते. तीन पायांपैकी एक लेन्सच्या दिशेने, म्हणजे पुढचं वजन त्या पायावर येतं. लेन्समधलं स्थिरीकरण बंद करा. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवा. वारा जास्त असेल तर दहावर. २० मिलिमीटरची लेन्स आणि फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा असेल तर २० ते २५ सेकंदांच्या पुढे तारे रेघा ओढू लागतात.

उभी फ्रेम घेताना बॉलहेड (गोळ्यावर फिरणारं हेड) खाचेत आडवं पाडलं की कॅमेऱ्याचं सगळं वजन एका बाजूला जातं, आणि हलक्या ट्रायपॉडला ते झेपत नाही. आमच्यातल्या एकाची फ्रेम दर दोन मिनिटांनी खाली घसरत होती. यावर एल आकाराची पट्टी हा खरा उपाय: कॅमेरा उभा होतो, वजन मधोमध राहतं. पट्टी आणि हेड दोन्ही आर्का-स्विस पद्धतीचे (ही कॅमेरा हेडवर अडकवायची सर्रास वापरली जाणारी पद्धत) घ्या, म्हणजे मित्राची कॅमेऱ्याखालची प्लेटही चालते. आणि ॲलन की (षटकोनी किल्ली) बरोबर ठेवा. पायांच्या बिजागऱ्या ढिल्या पडतातच, आणि गडावर ती कुणाकडे मिळत नाही.

रात्री दव पडतं. लेन्सच्या काचेवर दर काही मिनिटांनी टॉर्च टाकून बघा. नाहीतर पुढचे सगळे फोटो धुरकट.

पहाटे गडाच्या तारामती शिखरावर गेलो. सूर्य वर येताना आजोबाचा डोंगर, रतनगड, कळसूबाई एकामागून एक उजळत जातात. इथे लांब लेन्स लागते आणि ती कॅमेऱ्याऐवजी लेन्सच्या कॉलरने (लेन्सभोवतीच्या कड्याने) ट्रायपॉडवर बसवावी. इंद्रवज्राच्या, म्हणजे धुक्यावर उमटणाऱ्या गोल इंद्रधनुष्याच्या आशेने आलेल्यांसाठी: ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकात कोकणकड्यावरून पाहिल्याची नोंद आहे ते सकाळी दिसतं. सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुकं हवं. ते आलं की ट्रायपॉड उघडत बसू नका, हातानेच काढा.

केदारेश्वराच्या गुहेत मात्र ट्रायपॉडशिवाय इलाज नाही. आत अंधार, कमरेइतकं गार पाणी, मध्ये भव्य पिंड, आणि चारपैकी एकच खांब शाबूत. लोक पूजेला, प्रदक्षिणेला येतात. त्यांचं होईपर्यंत थांबा आणि पाय त्यांच्या वाटेत पसरू नका. पाय पाण्यात ठेवले तर कार्बनला काही होत नाही, पण नळ्या घट्ट करणाऱ्या लॉकमध्ये चिखल जातो.

घरी आल्यावर त्याच रात्री लॉक पूर्ण उघडा, नळ्या वेगळ्या करा, साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि मगच जोडा. समुद्रावरून आला असाल तर हे दुसऱ्या दिवसावर टाकूच नका. कार्बन गंजत नाही, पण लॉकचे धातूचे भाग गंजतात. आणि धुताना प्रत्येक नळीवरून बोट फिरवा. कार्बन वाकत नाही, टोकदार दगडावर आपटला की तडकतो. बारीक चीर लागली तर ती नळी बदलून घेतल्याशिवाय त्यावर कॅमेरा चढवू नका.