आमची वाटचाल : अल्बमच्या पानापासून दारावरच्या भोपळ्यापर्यंत

न्यू जर्सीत एडिसनला आमचा कागदकामाच्या किटचा छोटा व्यवसाय आहे. हॅलोविनची (मुलं वेष करून दारोदार खाऊ मागतात तो सण) स्क्रॅपबुक पानं, म्हणजे फोटो आणि आठवणी चिकटवायची सजवलेली अल्बमची पानं, आणि घर सजवायच्या साध्या कागदी वस्तू, एवढाच आमचा माल. मोजून कापलेला कागद, घड्यांच्या आखलेल्या रेघा, लागेल तेवढी चिकटपट्टी आणि कृतीचा कागद असं सगळं एका पाकिटात येतं. सुरुवात पानांनी झाली, सजावट मागून आली. या दोन्हींचा कागद एक नाही, आणि आमची सगळी वाटचाल त्या फरकाभोवतीच झाली आहे. अल्बमचं पान नातवंडांनी उघडून बघायचं असतं. भिंतीवरची वटवाघळं चार आठवडे नीट राहिली की झालं.

आधी पानाबद्दल. माप १२ बाय १२ इंच. अमेरिकेत हे इतकं रुळलेलं आहे की अल्बम, पाकिटं, कागद सगळं त्याच मापात मिळतं. कागद ॲसिड-फ्री आणि लिग्निन-फ्रीच घ्यायचा. लिग्निन हा लाकडातला घटक. वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं ते त्याच्यामुळे. पानावर घालायची पाकिटं पॉलिप्रॉपिलीनची हवीत. पीव्हीसीची स्वस्त पडतात, पण पीव्हीसी हळूहळू आम्ल सोडतं आणि ते मऊ राहावं म्हणून घातलेलं रसायन फोटोवर उतरतं. मग फोटो पाकिटाला असा चिकटतो की सोडवताना वरचा थर निघून येतो. चॉकलेटची वेष्टनं लावायची मुलांना फार हौस. त्यांच्या आतल्या बाजूला तेलकट अंश राहतोच. ती पुसून, वाळवून छोट्या वेगळ्या पाकिटात घालावीत आणि ते पाकीट पानावर लावावं. फोटोला थेट टेकू देऊ नयेत.

हॅलोविनच्या पानाची खरी अडचण फोटोंची असते. मुलं दारोदार फिरतात ती ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, त्यामुळे फोटो अंधारे आणि पोशाख बहुतेक काळे. तो फोटो काळ्या कागदावर लावला की पार बुडून जातो. म्हणून आमच्या किटमध्ये प्रत्येक ४ बाय ६ फोटोमागे सव्वाचार बाय सव्वासहाची फिक्या सायीच्या रंगाची चौकट असते, म्हणजे चारही बाजूंनी १/८ इंच उजेड मिळतो. तळाला काळा कागद, त्यावर साडेअकरा इंचाचा नक्षीचा कागद, म्हणजे कडेने पाव इंच काळी किनार. दोन उभे फोटो शेजारी-शेजारी, खाली ३ बाय ४ चं मजकुराचं कार्ड. कोण काय झालं होतं, कुठल्या गल्लीत फिरले, कुणाच्या घरी काय मिळालं, हे त्यावर लिहायचंच. पोशाख फोटोत दिसतो, गल्ली दिसत नाही. पेन पिगमेंट शाईचं घ्यावं, डाय शाई लवकर फिकी पडते. काळ्यावर लिहायला पांढरं जेल पेन चालतं, पण पाकिटात घालण्याआधी शाई पूर्ण सुकू द्यावी.

कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं विकत आणायची गरज नाही. सहा इंचाचा चौकोन कर्णावर तीनदा दुमडायचा आणि उघड्या बाजूने कमानीसारखे काप द्यायचे. इथे कार्डस्टॉक, म्हणजे कार्डासारखा जाड कागद, वापरू नये. आठ पदर कात्रीत धड बसत नाहीत, आतले सरकतात आणि जाळं वाकडं येतं. साधा ७५ जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) झेरॉक्सचा कागद उत्तम. धागे १/८ इंचापेक्षा बारीक ठेवले तर घडी उलगडतानाच तुटतात. फोमचे उठाव देणारे तुकडेही जपून लावावेत. समोरासमोरच्या दोन पानांवर ते एकाच जागी आले तर अल्बम मिटत नाही आणि फोटोवर खळगा उमटतो.

पानं घेणारी गिऱ्हाइकं दारासाठी, खिडकीसाठी काहीतरी द्या म्हणू लागली, तशी सजावट सुरू झाली. अमेरिकेत ही कला जुनीच. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या डेनिसन कंपनीने १९०९ मध्ये क्रेप (बारीक सुरकुत्यांच्या पातळ) कागदाच्या हॅलोविन सजावटीची पुस्तिका काढली होती. पेनसिल्व्हेनियाची बीस्टल कंपनी मधाच्या पोळ्यासारखे उघडणारे टिश्यूचे भोपळे बनवायची. क्रेप दिसतो छान, पण दमट हवेत त्याचा रंग सुटतो. काळा क्रेप व्हरांड्यातल्या पांढऱ्या खांबाला गुंडाळला आणि पाऊस लागला, तर खांबच रंगवायला काढावा लागतो. आम्ही क्रेप किटमध्ये ठेवत नाही.

सगळ्यात जास्त खपतात ती चुण्यांची चक्रं, म्हणजे पट्टीला घड्या घालून केलेली गोल फुलं. दिसायला सोपी, आणि सगळ्यात जास्त बिघडतात तीही हीच. दोन इंच रुंद पट्टीचं चक्र चार इंचांचं होतं. ते सपाट बसायचं तर पट्टीची लांबी रुंदीच्या सव्वासहा पटीहून बरीच जास्त हवी, कारण बाहेरच्या कडेला पूर्ण परीघ भरायचा असतो. दोन इंचाला तो परीघच साडेबारा इंचांवर जातो, म्हणून १२ इंचांची एक पट्टी कितीही ओढली तरी पुरत नाही. दोन जोडाव्या लागतात. अर्ध्या इंचावर रेघा दाबून आलटून-पालटून चुण्या घालायच्या, टोकं जोडून नळकांडं करायचं, वरून दाबून पसरवायचं आणि मधोमध दीड इंचाची चकती कमी तापमानाच्या ग्लू गनने चिकटवायची. अर्धं मिनिट दाबून धरायचं, मागेही एक चकती लावायची. मागची चकती टाळली की चक्र रात्रीतून उसळून सुटतं.

त्यात कागदाच्या तंतूंची दिशा बघावीच लागते. आमच्या छपाईवाल्याच्या भाषेत ग्रेन. कागद हलकेच वाकवून पाहा: ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, तंतू त्या वाकाला समांतर असतात. चुणी तंतूंच्या दिशेने पडली तर सुरीसारखी स्वच्छ पडते, आडवी पडली तर कडेला फुटते. काळ्या कार्डस्टॉकचा गाभा पांढरा असेल तर फुटलेली प्रत्येक चुणी पांढरी रेघ दाखवते. त्यामुळे काळा कागद आरपार काळा असलेलाच घेतो. महाग पडतो, पण त्यात तडजोड नाही.

भोपळा त्यामानाने चुका पोटात घालणारा. १२ इंची नारिंगी कागदातून पाऊण इंचाच्या १२ पट्ट्या निघतात, उरलेल्या तीन इंचांतून भोपळ्याची पानं. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना पाव इंच आत भोक, सगळ्या एकावर एक ठेवून दोन्हीकडे ब्रॅड (मागे दोन पाय उघडणारी धातूची छोटी खीळ), मग धनुष्यासारखं वाकवून पट्ट्या गोल फिरवत पसरवायच्या. सात इंचांच्या आसपासचा भोपळा होतो. देठ तपकिरी कागदाची गुंडाळी. वटवाघळांना ८० पाउंडाचा (अमेरिकेत कागदाचं वजन असं सांगतात) कागद. चिकटवायचं फक्त धड, पंख मोकळे आणि थोडे वर उचललेले, म्हणजे भिंतीवर सावली पडते. भाड्याच्या घरात पोस्टर चिकटवायच्या मऊ पुटीऐवजी रंगाऱ्याची टेप वळवून लावावी. पुटीचे तेलकट डाग मॅट रंगावर राहतात.

दिव्याच्या वस्तूंत मेणबत्ती अजिबात नाही, फक्त एलईडी. बटणसेल लहान मुलाने गिळला तर जिवावर बेततं, म्हणून अमेरिकेत २०२२ मध्ये रीसचा कायदा आला. सेलचा कप्पा मुलाला सहज उघडता येणार नाही असा हवा. आम्ही स्क्रूने बंद होणाराच दिवा घेतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी म्हणून विकायच्या वस्तूला इथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची चाचणी आणि प्रमाणपत्र लागतं. त्यातून आमच्या किटच्या दोन वेगळ्या शाखा झाल्या: मोठ्यांची, ज्यात ब्रॅड आणि ग्लू गनचं काम असतं, आणि मुलांची, ज्यात फक्त घड्या आणि चिकटपट्टी.

हंगाम ऑगस्टमध्येच सुरू होतो, म्हणजे कापाकापी जुलैत, ऐन दमट हवेत. कापलेला कागद उघडा ठेवला की कडा वर वळतात. म्हणून गठ्ठा लगेच प्लॅस्टिकमध्ये, वर सपाट वजन.

इथल्या मराठी घरांत हॅलोविन आणि दिवाळी पाठोपाठ येतात. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. त्यावरून चक्राच्या मधली चकती दुहेरी केली: एका बाजूला काळी मांजर, दुसऱ्या बाजूला रांगोळीची नक्षी. चकती चिकटवायच्या ऐवजी मधल्या खाचेत सरकवायची. मांजर उलटली की नारिंगी-पिवळी चक्रं दारावर झेंडूसारखी शोभतात. आकाशकंदील ज्यांनी लहानपणी केले आहेत त्यांना बाकी काही शिकवावं लागत नाही.

पुण्या-मुंबईहून मापं विचारणारेही बरेच असतात. तिथे पाउंडात कागद मागू नये, जीएसएम सांगावा. आमचा ६५ पाउंडाचा कार्डस्टॉक म्हणजे १७६ जीएसएम, ८० पाउंडाचा २१६. एका ए-४ कार्डशीटमधून दोन सेंटिमीटर रुंदीच्या दहा उभ्या पट्ट्या निघतात. भोक कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत घेतलं की १८ सेंटिमीटरचा भोपळा होतो. ए-४ चे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, म्हणून उभी पट्टी वाकवताना मध्येच मोडते. ब्रॅड लावण्याआधी प्रत्येक पट्टी स्टीलच्या मोजपट्टीच्या कडेवरून दोन-तीनदा ओढून घ्यावी, म्हणजे तिला आपसूक बाक येतो.