दिवाळीनंतरची चाचणी

आज दिवसभर वाचनचाचणीचे तक्ते; शाळांतल्या वाचन-उपक्रमाने पोरं खरंच पुढे गेली का, ते बघायचंय. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पायऱ्या. नंदुरबारकडे खरी गफलत दिवाळीनंतर होते, पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. समजा जूनमध्ये ४० तपासली, जानेवारीत सापडली २८. गळालेली १२ बहुतेक कच्ची असतील, तर कुणी काही न शिकवताही सरासरी चढते! तुलनेला त्याच २८ जणांची जूनची पायरी धरा. उपक्रम नसलेल्या शाळांतली गळतीही मोजा.

उपक्रमासाठी शाळा चिठ्ठ्या टाकूनच निवडा. सगळ्यात मागच्याच घेतल्या तर पुढच्या खेपेला त्या तशाही थोड्या वर येतात. तपासायला वर्गशिक्षक नकोत.

छापील ‘मुलगा’ बघून पोरगं ‘आंडोर’ (अहिराणीत मुलगा) म्हणालं? अर्थ कळलाय. वेगळ्या रकान्यात लिहा, थेट फुली नको.