ड्राफ्टमध्ये पडलेला राजीनामा

मंगळवार, रात्री

राजीनाम्याचा मेल लिहून सहा दिवस झाले. चारच ओळी. तिसऱ्या ओळीत 'माझा शेवटचा दिवस' याच्यापुढची जागा अजून मोकळीच आहे.

आज जुनं नेमणूकपत्र शोधून काढलं. मी धरून चालले होते की नोटीस महिन्याची. निघाली ६० दिवसांची! कायम होईपर्यंत ३०, नंतर ६०. सही करताना वाचलं होतं की नाही, देव जाणे. आणि मुलाखतीत मी बिनधास्त "महिन्याभरात येते" सांगून बसलेय. उद्या सकाळी पहिला फोन तिकडे. शिल्लक रजा नोटिशीत वळत्या होतात का, हे एचआरला विचारावं लागेल. पण विचारलं की फुटलंच.

ऑफर लेटरवर सह्या झाल्यात. फक्त खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, पूर्वीच्या नोकऱ्यांच्या तपासणीत काही आक्षेपार्ह न आढळल्यास. ती तपासणी चालू आहे. नवरा म्हणतो, नुसती औपचारिकता असते, टाकून मोकळी हो. त्याचं काय जातंय! मागच्या खेपेला मी तोंडी 'हो'वर विसंबून नोटीस दिली आणि तिकडची भरतीच थांबली. निरोपाच्या कार्डावर सगळ्यांच्या सह्या होऊन गेल्या होत्या. नंतर तीन महिने घरी. ते कार्ड अजून कपाटात आहे. तपासणी पूर्ण झाल्याचं लेखी हातात येईपर्यंत मी काही 'सेंड' दाबत नाही.

गुरुवार

फोनवर तारीख पुढे मागितली तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता. मग, "चालेल, पण त्याच्यापुढे नको." सुटले.

दुपारची मीटिंग मात्र जड गेली. पुढच्या तिमाहीची कामं वाटत होते. साहेबांनी सगळ्यात मोठं काम माझ्या नावासमोर लिहिलं आणि वर म्हणाले, "ही आहे म्हणून काळजी नाही." मी वहीत मान घालून समासात चौकोन काढत बसले. हे काम ज्याच्या गळ्यात पडणार तो पोरगा शेजारीच होता. संध्याकाळी जागेवर येऊन गुपचूप त्याच्यासाठी लिहायला घेतलं: महिन्याचा रिपोर्ट कुठून निघतो, 'फायनल' नावाच्या तीन फायलींपैकी खरी कुठली, कुणाला मेल न करता थेट फोन करायचा. पाच पानं झाली. सांगता येत नाही, तर निदान हे.

शनिवार

काल संध्याकाळी तपासणी पूर्ण झाल्याचा मेल आला. शुक्रवारी सुटताना सांगून साहेबांचे दोन दिवस कशाला नासवा? सोमवारी सकाळी आधी केबिनमध्ये जाऊन तोंडी सांगायचं, लगेच मेल. दिवस मेलपासूनच मोजतात, बोलण्यापासून नाही.

कॅलेंडर घेऊन ६० मोजले. सोमवार धरला तर शेवटचा दिवस गुरुवार येतो, नाही धरला तर शुक्रवार. शुक्रवार लिहिला.