भिंतीआड गेलेले पैसे

दर रविवारी मामांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय मालकीणबाई, किती जमलं या महिन्यात?" आम्ही अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडमध्ये भाड्याने द्यायला एक जुनं घर घेतलं हे कळल्यापासून त्यांच्या लेखी मी बसून खाते. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकावं.

क्लीव्हलँड हे ईरी सरोवराच्या काठचं जुनं पोलादी शहर. 1950 साली इथली लोकसंख्या नऊ लाखांच्या वर होती, 2020 च्या जनगणनेत ती पावणेचार लाखांच्या आत आली. माणसं गेली, घरं मागे राहिली. म्हणून घरांच्या किमती कमी आणि त्या मानाने भाडी बरी. इथल्या जुन्या वस्त्यांमध्ये 'डबल' नावाची घरं गल्लीगल्लीत दिसतात. खाली एक बिऱ्हाड, वर अगदी तसंच दुसरं, पुढे दोन्ही मजल्यांना लाकडी व्हरांडा आणि खाली तळघर. आमचं त्यातलंच एक, वय साधारण शंभर.

इथे गुंतवणूकदारांच्या तोंडी एक टक्क्याचं सूत्र असतं. महिन्याचं भाडं घराच्या किमतीच्या एक टक्का तरी यावं. आमचं घर या परीक्षेत मेरिटमध्ये आलं. पण त्या सूत्राला पाइपांचं वय कुठे ठाऊक असतं?

खरेदीआधी इन्स्पेक्शन केलं होतं. त्या माणसाने छप्पर पाहिलं, घर गरम ठेवणारी भट्टी पाहिली, तळघरातली ओल मोजली आणि जाडजूड अहवाल दिला. त्यात घरापासून रस्त्याखालच्या मुख्य गटारापर्यंत जाणाऱ्या नळाचा उल्लेख नव्हता, कारण ते त्याच्या कामातच बसत नाही. त्यासाठी कॅमेरा सोडणारा वेगळा माणूस बोलवावा लागतो, वेगळे पैसे मोजून. आम्ही ते वाचवले. तिसऱ्या महिन्यात खालच्या भाडेकरूचा फोन आला, तळघरात घाण पाणी उलटं येतंय. मग कॅमेरा सोडलाच. भाजक्या मातीचे जुने नळ, आणि प्रत्येक सांध्यातून आत घुसलेली मेपलची मुळं. पडद्यावर बघताना ते जटाधारी साधूसारखं दिसत होतं. नळ आपल्या अंगणाखालचा म्हणजे खर्चही आपला. अंगण खणून प्लास्टिकचा नवा नळ टाकला. नऊ हजार डॉलर गेले, म्हणजे एका मजल्याचं जवळजवळ नऊ महिन्यांचं भाडं. वर गवत पुन्हा उगवलं आणि काही झालं होतं याची खूणही उरली नाही.

वायरिंगचीही तीच तऱ्हा. इथली भिंत विटांची नसते, लाकडी सांगाडा आणि त्यावर पट्ट्या ठोकून केलेला गिलावा. आमच्या वरच्या मजल्याच्या भिंतीत चिनी मातीच्या गुंड्यांवरून ओढलेल्या जुनाट तारा निघाल्या, अर्थिंग नावालाही नाही. अशा घराचा विमा उतरवायला कंपन्या नाखूश असतात, म्हणून सगळं बदललं. इथेही पैसे भिंतीच्या आत गेले, बाहेरून फक्त नवा रंग दिसतो.

रंगावरून आठवलं, सगळ्यात मोठा धडा मला रंगानेच शिकवला. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर 1978 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरात, खालच्या थरांत कुठेतरी शिसं असणार असंच धरून चालायचं. खिडकी वरखाली करताना रंग घासला जातो, त्याची धूळ चौकटीत साचते, आणि रांगणारं मूल तेच हात तोंडात घालतं. मुलांच्या मेंदूवर होणारा त्याचा परिणाम भरून निघत नाही. म्हणून असं घर भाड्याने देताना शिशाबद्दल माहीत असलेलं सगळं लेखी सांगावं लागतं, आणि असा रंग खरवडण्याचं काम प्रमाणपत्र असलेल्या कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं लागतं. क्लीव्हलँड शहराने तर 2019 मध्ये वेगळा कायदा करून जुन्या भाड्याच्या घरांना 'शिसे-सुरक्षित' दाखला सक्तीचा केला.

मला वाटलं, सोपं आहे, लहान मुलं नसलेलं कुटुंब बघू. माझ्या वकिलाने चष्म्यावरून असं पाहिलं की मी गप्प बसले. 1968 च्या समान गृहनिर्माण कायद्यात 1988 साली भर पडली आणि मुलं आहेत म्हणून घर नाकारणं बेकायदा ठरलं. आपल्याकडे 'फक्त फॅमिलीसाठी' अशी पाटी लावून एकट्या मुला-मुलींना हुसकावतात, इथे 'फॅमिली नको' म्हटलं तर कोर्टाची पायरी. थोडक्यात, मूल येणारच असं समजून घर तयार करायचं. सगळ्या खिडक्या बदलल्या. त्या खर्चाचं मला आजही वाईट वाटत नाही, बाकी सगळ्याचं वाटतं.

मामांना कर वाचतो का हेही हवं होतं. वाचतो, पण हळूहळू. इमारतीची किंमत साडेसत्तावीस वर्षांत थोडी थोडी घसारा, म्हणजे जुनं होण्यापोटीची घट, म्हणून भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते, जमिनीची नाही. नळ गळतोय म्हणून वायसर बदलला तर खर्च त्याच वर्षी धरता येतो, सगळी लाईन नवी टाकली की तोही घसाऱ्याच्या रांगेत.

डिपॉझिटचा अनुभवही घेऊन झाला. वरचं बिऱ्हाड गेलं तेव्हा भिंतीवर खिळ्यांची भोकं होती आणि गालिचा विटला होता. मी कापायला निघाले होते. पण रोजच्या वापराने होणारी झीज मालकाची. ओहायोत तीस दिवसांत, कापलेल्या प्रत्येक पैशाच्या तपशिलासह डिपॉझिट परत करायचं. चुकीचं कापलं तर तेवढंच आणखी, शिवाय भाडेकरूच्या वकिलाची फी. मी मुकाट चेक लिहिला आणि भोकं स्वतः बुजवली.

गेल्या महिन्यात मामांनी कामाआधीचे आणि नंतरचे फोटो मागितले. पाठवले. "अगं, हे दोन्ही सारखेच दिसतात की! एवढा पैसा घातलास कुठे?" मी काही न बोलता त्यांना जुन्या गटारातल्या कॅमेऱ्याचा चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवला.

या रविवारी त्यांनी किती जमलं ते विचारलंच नाही. "त्या झाडाची मुळं नव्या नळात शिरत नाहीत ना गं?" म्हणाले.