एक शीप, दोन शीप

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. आठवीत येईतो 'अनेकवचन म्हणजे शेवटी एस' हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे माझ्या वहीतल्या 'शीप्स'च्या एसभोवती सरांनी तांबडं वर्तुळ काढलं, तेव्हा मला रडूच आलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "एक बैल. दोन?"

"बैल."

"एक लाडू, दहा?"

"लाडू."

"आंब्याचे आंबे होतात, मग बैलाचं काहीच कसं होत नाही?"

आकारान्त सोडून बाकीची पुल्लिंगी नामं दोन्ही वचनांत तशीच राहतात, हा मराठीच्या तासाला घोकलेला नियम त्या क्षणी उमगला. 'बैल आला', 'बैल आले': वचन क्रियापदानं सांगितलं. तसंच 'द शीप इज', 'द शीप आर'. पुढची अडचणही सरांनीच दाखवली. 'द शीप रॅन' म्हटलं की मेंढी एक की अख्खा कळप, हे मागचं-पुढचं वाचूनच ठरवायचं. आपलं 'पळाली-पळाल्या' तिथे किती सरस!

मग फळ्यावर यादी झाली: डिअर, स्वाइन, एअरक्राफ्ट, सीरीज, स्पीशीज. 'फिश'पुढे सरांनी फुली मारली; निरनिराळ्या जाती मोजताना 'फिशेस'ही चालतं, म्हणून.

हे असं का, ते मला कॉलेजात कळलं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपल्यासारखीच तीन लिंगं होती. त्यातल्या नपुंसकलिंगी नामांच्या एका मोठ्या गटाला, कर्ता किंवा कर्म असताना, अनेकवचनाचा प्रत्ययच लागत नसे. आपल्या घराची घरं होतात; त्यांचं 'हूस', म्हणजे आजचं हाउस, एक असो की दहा, 'हूस'च. 'वर्ड' आणि 'थिंग'ही याच गटातली. पुढे ही सगळी एसच्या वाटेला गेली. शीप, डिअर, स्वाइन तेवढी जुन्या वळणावर राहिली. 'डिअर' म्हणजे तेव्हा नुसतं हरीण नव्हे, कुठलंही जनावर. सीरीज आणि स्पीशीज मात्र लॅटिनकडून आली, ती येतानाच दोन्ही वचनांत सारखं रूप घेऊन.

म्हणजे माझी चूक एका जुन्या नियमाशी अडखळली होती! हे सरांना सांगायला धावत जावंसं वाटलं. पण सर त्याआधीच गेले होते.

आज स्मरणिकेसाठी लिहिताना लक्षात आलं, 'शाळा'ही त्यातलीच. एक शाळा, अनेक शाळा. वचन कळतं ते आधीच्या शब्दावरून. तो शब्द मी लिहितो आहे, सर: माझी.