ताशा थांबला तरी कानात वाजत राहतं, ते जाईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहायला घेतलं. ढोल-ताशा पथकातली मुलंमुली आणि त्यांचे आईवडील दर गणेशोत्सवात हेच विचारतात: सरावाहून घरी आलं की कानात शिट्टी वाजते, ती जाईल का?

बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत जाते. पण जाते म्हणून काही बिघडलं नाही असं समजू नका. जन्मतः आपल्या प्रत्येक कानात आवाज टिपून मेंदूला कळवणाऱ्या साधारण १५,००० केसपेशी असतात आणि मेलेली केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाने त्या थकतात. काही सावरतात, काही कायमच्या जातात. तिथून येणारा संदेश कमी पडला की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो, आणि बाहेर आवाज नसतानाही जे ऐकू येतं ते बहुधा यातूनच. आवाजाने बिघडलेल्या कानाच्या ऑडिओग्रामवर (कोणत्या पट्टीचा किती हळू आवाज ऐकू येतो, त्याचा आलेख) बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास खाच दिसते, म्हणजे त्या पट्टीचं कमी ऐकू येतं.

हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबलचा आवाज कान दिवसाला आठ तास सोसतो, असं धरतात. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. ताशाजवळ आवाज त्याच्याही वर सहज जातो आणि सराव तर तासन्‌तास चालतो.

कापसाचे बोळे घालून भागत नाही, ते आवाज फारच थोडा अडवतात. फोमचे इअरप्लग स्वस्त आणि चांगले, पण बहुतेक जण ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात. हात धुवा, प्लग सुरकुती न पडता बारीक वळा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढा, म्हणजे वळणदार नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत, अर्धा मिनिट तरी, बोटाने धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. फोम उंच पट्टीचे आवाज जास्त कापतो, त्यामुळे ताशाची काठी ऐकू येत नाही अशी तक्रार रास्तच आहे. वादकांसाठी फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच कमी करतात. मात्र घरी शांततेत प्लग घालून बसू नका, त्याने आतला आवाज जास्तच जाणवतो.

शिट्टी महिनोन्‌महिने टिकली, तर ती पूर्ण जाईलच असं सांगता येत नाही. त्रास मात्र बहुतेकांचा कमी होतो, आणि हे तितकंच खरं आहे. तिला पुसून टाकणारी गोळी अजून नाही. जिन्को या झाडाच्या पानांच्या अर्काचा उपयोग सिद्ध झालेला नाही. लसणीचं तेलही नको: पडद्याला भोक असेल तर ते आत उतरतं. मळासाठी कानकोरणं आणि बड्सही नकोत, त्यांनी मळ आणखी आत ढकलला जातो.

रात्र सगळ्यात अवघड जाते, कारण खोली शांत होते. पंखा किंवा पावसाचा आवाज लावा, पण शिट्टी बुडेल इतका मोठा नको. तिच्यापेक्षा जरा खाली ठेवा, दोन्ही ऐकू येऊ देत. शिट्टी ऐकू येत असतानाच मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने शिट्टीचाही जाच बऱ्याचदा हलका होतो. झोप आणि मन दोन्ही खचत असतील, तर कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारे मानसोपचार, घ्या. आवाज तोच राहिला तरी त्याची धास्ती तिने कमी होते.

आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धपधपत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, स्कॅन लागू शकतो. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर ती तातडीची बाब आहे. "सर्दीने दडा बसला असेल" म्हणत लोक आठवडा घालवतात. तोंड मिटून "हं" असा हुंकार भरा. तो गच्च कानात घुमला तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानाकडे गेला तर नस दुखावल्याची शंका. तेव्हा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डॉक्टर गाठा, कारण स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो. हुंकाराने निर्धास्त वाटलं तरी तपासणी टाळू नका.

सराव सुरू होण्याआधी प्रत्येक वादकाचा एक ऑडिओग्राम काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येते. चाचणीआधी चौदा तास तरी गोंगाटापासून लांब राहा, नाहीतर तात्पुरता बधिरपणाच कागदावर कायमचा म्हणून उमटतो.